ब्लेंड आणि भेसळ

एकाच कृतीला आपण दोन शब्द ठेवले आहेत. मोठ्या कंपनीने केली की ती 'ब्लेंड' आणि किराणावाल्याने केली की ती 'भेसळ'. चहाच्या पुड्यावर पहिला शब्द छापलेला दिसला की आपण चार पैसे जास्त मोजतो. तीच दोन तऱ्हेची पत्ती आपल्या चिखलीच्या दुकानदाराने एका डब्यात ओतली, की पिशवी घेऊन भांडायला जातो.

हे सुचायचे कारण माझा भाचा. मूळचा मेहकरचा, हल्ली अमेरिकेत असतो आणि गॅरेजमध्ये बिअर करतो. तिकडे तो गुन्हा नाही. 1978 साली अध्यक्ष कार्टरसाहेबांनी सही केली आणि घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. एका प्रौढाला वर्षाकाठी 100 गॅलन, म्हणजे जवळजवळ 380 लिटर! आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदकडे, कोणी मोहाची गाळली तर त्याला छंद म्हणत नाहीत, पंचनामा करतात.

तर या भाच्याची एक बिअर फार कडू होते, दुसरी पाणचट. मग तो दोन्ही एकत्र करतो आणि फोनवर सांगतो, "मामा, बॅलन्स जमला!" हा शब्द बँकेतल्या माणसापुढे जरा जपून वापरावा. तरी इथवर माझी तक्रार नाही. दोन्ही पक्ष तब्येतीने ठणठणीत, फक्त स्वभाव वेगळे. अशा लग्नात मी खुशाल अक्षता टाकीन.

तक्रार आहे ती तिसऱ्या बिअरबद्दल. ती आंबली, आणि हा पठ्ठ्या तीही चांगलीत खपवायला निघाला. चमचाभर विरजण पातेलंभर दुधाचं काय करतं, हे मेहकरच्या पोराला सांगावं लागतं म्हणजे कमाल आहे. आंबवणारे जंतू चांगल्या बिअरमधल्या उरल्यासुरल्या साखरेवर ताव मारतात, बंद बाटलीत वायू साचतो आणि प्रसंगी बाटली फुटते. बुडीत खातं चालू खात्यात मिसळलं म्हणून वसुली होत नाही. चालू होतं तेही बुडतं.

त्यावर भाच्याने बेल्जियम पुढे केला. ब्रसेल्सच्या आसपास एक, दोन आणि तीन वर्षांची लांबिक बिअर एकत्र करून 'ग्योझ' करतात, आणि ती आंबटच असते. खरं आहे. पण तिथे जुनी बिअर चव आणते, आणि नवीतली साखर बाटलीत फेस आणते. मिसळणारा आधी पिपापिपातली चाखून बघतो. म्हटलं, "बाबा, तिथे प्रत्येक पिपाची मुलाखत होते. तुझ्या गॅरेजात अनुकंपा तत्त्वावर भरती चालू आहे."

थट्टा इथपर्यंतच. 2015 च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. दारूत मिथेनॉल होतं. तेही एक मिश्रणच होतं. पिणाऱ्याला मात्र आत काय आहे याचा पत्ता नव्हता. भाचा निदान पहिला ग्लास स्वतः पितो. मी त्याला एवढंच सुचवलं, की बाटलीवर काय काय घातलंस ते लिहीत जा.

परवा त्याने फोटो पाठवला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'कडू दोन भाग, पाणचट एक.' आंबलेलीचं काय केलंस, विचारलं.

"व्हिनेगर होऊ दिलं मामा. कांद्यावर घालतोय."