शिंपल्याच्या चक्रातला हरवलेला मासा

प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत लॅमेलिडेन्स हा गोड्या पाण्यातला शिंपला हमखास भेटतो. कल्ले, पाय, हृदय यांच्या आकृत्या तपशीलवार असतात. जीवनचक्र मात्र बहुधा 'अंडे, ग्लोकिडियम, प्रौढ' एवढ्यावर उरकलेले. आमचा आक्षेप त्याला आहे. या चक्रात मासा नाही, आणि माशावाचून ते पुरे होत नाही.

ग्लोकिडियम ही अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, दोन शिंपांची अळी. ती मादीच्या कल्ल्यांत वाढते. पाण्यात सुटल्यावर माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमट्यासारखी धरते. माशाची त्वचा वाढून तिच्याभोवती कोश होतो. काही दिवसांनी वा आठवड्यांनी बालशिंपला तळाशी उतरतो. १७९७ मध्ये राथके यांना शिंपल्यात ही अळी दिसली, तेव्हा तो शिंपल्यावरचा परजीवी वाटला! परजीवी खरा, पण माशावरचा.

हा खटाटोप कशासाठी? कामणच्या मुलांना हे लवकर उमजेल. वसईच्या बाजारातल्या तिसऱ्यांच्या अळ्या खाऱ्या पाण्यात मोकळ्या तरंगतात. डोंगरातल्या ओढ्यात तसे केले, तर पाणी त्यांना थेट खाडीत नेईल. मासा मात्र प्रवाहाविरुद्धही जातो.

म्हणूनच नदीत योग्य मासे उरले नाहीत, तर म्हातारे शिंपले दिसत राहतात, पिल्ले नाहीत. युरोपातले मोत्यांचे शिंपले शंभराहून अधिक वर्षे जगतात. तिथल्या कित्येक नद्यांत आता केवळ म्हातारेच आहेत. शिंपले दिसतात म्हणून नदी ठीक आहे, असे विद्यार्थ्यांनी समजू नये. तेव्हा फळ्यावर हे चक्र काढताना त्यात मासाही काढावा.