बार्बेलियनची रोजनिशी : पूर्वलक्षणांचे वाचन

डब्ल्यू. एन. पी. बार्बेलियन या टोपणनावाने ब्रूस कमिंग्ज याने लिहिलेल्या 'द जर्नल ऑफ अ डिसअपॉइंटेड मॅन' (१९१९) या रोजनिशीत मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान त्याला १९१५ मध्ये, सैन्यभरतीच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी दिलेले बंद पत्र फोडल्यावर कळते. ते कळताच वाचक आधीच्या नोंदींतील बधिरता व अशक्तपणा यांत भवितव्य शोधू लागतो. हे वाचन मला उलट्या दिशेचे वाटते. प्रारंभी केवळ संवेदनाविषयक लक्षणे किंवा दृष्टिचेतेचा दाह असल्यास रोगाची वाटचाल सामान्यतः सौम्य असते. तोल जाणे, मूत्रनियंत्रण सुटणे, पहिल्या काही वर्षांतले वारंवार झटके ही प्रतिकूल चिन्हे होत. परंतु हे समूहाचे अनुमान आहे, व्यक्तीचे भाकीत नव्हे. शिवाय अपंगत्व म्हणजे काय? कर्ट्झके यांच्या १९८३ च्या मोजपट्टीत मधल्या पायऱ्या मुख्यतः चालण्यावर ठरतात. प्राणिशास्त्रातील संशोधनाची महत्त्वाकांक्षा हिरावली गेल्याचे जे दुःख कमिंग्ज पानोपानी मांडतो, त्याला तेथे स्थान नाही. पत्नीला हा आजार विवाहापूर्वीच ठाऊक होता, हे त्याला पुढे उमगले. रोगाचे ज्ञान आधी कोणाला असावे, हा या नोंदींतील प्रश्न लक्षणांची जंत्री करणाऱ्या वाचनात निसटून जातो.