प्रकाशप्रयोग आणि चित्रास्वाद

पॅरिसला प्रकाशनगरी म्हणण्याची रूढी जुनी आहे. परंतु अलीकडे त्या नावाला एक निराळाच अर्थ येऊन चिकटला आहे. शहराच्या अकराव्या विभागात १८३५ साली सुरू झालेला ओतकामाचा एक कारखाना होता. त्याच्या रिकाम्या पडलेल्या वास्तूत एप्रिल २०१८ मध्ये ‘आतलिए दे ल्युमिएर’, म्हणजे प्रकाशांची कार्यशाळा, या नावाचे कलाकेंद्र उघडले. आत एकही चित्र टांगलेले नाही. सुमारे दहा मीटर उंचीच्या भिंतींवर आणि पायाखालच्या जमिनीवर १४० प्रक्षेपकांतून चित्रांच्या प्रतिमा सोडल्या जातात; त्या मोठ्या होतात, विरघळतात, एकीतून दुसरी उगवते, आणि साऱ्यांना संगीताची साथ असते. पहिला प्रयोग गुस्ताफ क्लिम्ट या व्हिएन्नाच्या चित्रकारावर होता. पहिल्या वर्षातच दहा लाखांहून अधिक माणसे तेथे येऊन गेली. पुढच्या वर्षी व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पाळी आली.

एवढा जनसमुदाय एका चित्रकाराच्या नावाने गोळा होतो, ही घटना नाक मुरडून बाजूला सारण्याजोगी नाही. संग्रहालयाच्या पायऱ्या चढताना ज्याला संकोच वाटतो असा माणूस येथे मुलाबाळांसह येतो, जमिनीवर बसतो, आणि क्लिम्टच्या सोनेरी वेलबुट्ट्या आपल्या हातापायांवरून सरकताना पाहून हरखून जातो. त्याचा आनंद खोटा आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही टीकाकाराला नाही. विचारावयाचा प्रश्न एवढाच, की हा आनंद क्लिम्टच्या चित्राचा आहे काय; आणि नसेल तर तो कशाचा आहे?

या प्रयोगांचे समर्थक एक युक्तिवाद नेहमी पुढे करतात, आणि तो वजनदार आहे. क्लिम्टच्या पिढीलाच चौकटीत अडकलेले चित्र अपुरे वाटत होते. १९०२ साली व्हिएन्नाच्या ‘सेसेशन’ मंडळाने बीथोव्हेनच्या गौरवार्थ भरविलेल्या प्रदर्शनासाठी क्लिम्टने सुमारे ३४ मीटर लांबीचा भित्तिपट्ट रंगविला. वास्तू, शिल्प, चित्र आणि संगीत यांचा एकच मेळ साधावा, ही त्यामागची आकांक्षा होती. मग आजच्या यंत्राने तीच आकांक्षा पुरी केली तर बिघडले काय?

उत्तर शोधण्यासाठी क्लिम्टच्या सोन्याकडेच पाहावे. त्याचा बाप सोन्यावर कोरीवकाम करणारा कारागीर होता, आणि ‘चुंबन’ या १९०७-०८ च्या चित्रात मुलाने खऱ्या सोन्याचा वर्ख वापरला. व्हिएन्नाच्या बेल्व्हेदेर संग्रहालयातील हे चित्र १८० सेंटीमीटरचे चौरस आहे. म्हणजे माणसाच्या उंचीला माणसाची उंची सामोरी येते. वर्खाचा गुण असा, की त्याला स्वतःचा प्रकाश नसतो. तो भोवतालचा प्रकाश घेतो आणि परत देतो. पाहणारा एक पाऊल बाजूला सरला की मघाशी झळकणारा भाग मंद होतो आणि मंद भाग झळकू लागतो. चित्र स्थिर असते, पण पाहणाऱ्याच्या हालचालीला ते उत्तर देत राहते. प्रक्षेपकाने भिंतीवर टाकलेले सोने मात्र केवळ पिवळा उजेड असतो. कोठूनही पाहिले तरी ते सारखेच. व्हॅन गॉगच्या बाबतीत हानी अधिक मोठी आहे. ‘तारांकित रात्र’ हे १८८९ चे चित्र एक मीटरही रुंद नाही, आणि त्यातील रंगाचे थर इतके जाड आहेत की त्यांची स्वतःची सावली पडते. ती आकाशातली भोवरे घेणारी गती कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी गोठवून धरलेली आहे; धरून ठेवण्यातच तिची शक्ती आहे. तिला दहा मीटरच्या भिंतीवर खरोखरच फिरविले, की ताण सुटतो. जे पाहणाऱ्याच्या मनात घडावयाचे ते यंत्राने आधीच घडवून दिलेले असते.

मराठी वाचकाला येथे न. चिं. केळकरांच्या एका प्रसिद्ध सिद्धांताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष या नात्याने त्यांनी वाङ्मयानंदाचे स्वरूप सांगताना ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपली भूमिका अजिबात सोडीत नाही. हे दुहेरी भान हाच त्या आनंदाचा गाभा. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले आणि सर्वच कलांना तो लागू पडतो असे नाही. परंतु प्रकाशप्रयोगांची परीक्षा करावयाला याहून सोयीचे साधन दुसरे नाही. या प्रयोगांची सारी जाहिरात एका क्रियापदाभोवती फिरते: बुडून जा. चित्रासमोर उभे राहू नका, चित्राच्या आत या. म्हणजे समाधी हवी, पण विकल्प नको. चित्राला चौकट असते ती सुताराच्या सोयीसाठी नव्हे. ‘येथे मी आहे आणि तेथे ते आहे’ हे अंतर ती राखते, आणि त्या अंतरातच पाहणाऱ्याची कल्पना काम करू लागते. अंतर काढून टाकले की उरते ते सुखद गुंगणे. आणि गुंगण्यासाठी क्लिम्ट काय किंवा शोभेच्या दारूचा आतषबाज काय, दोघेही सारखेच उपयोगी.

तथापि वेढून टाकणारे चित्र मुळातच त्याज्य, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याच पॅरिसमध्ये, सेन नदीच्या काठी, ओरांजेरीच्या दोन लंबवर्तुळाकार दालनांत क्लोद मोनेची कमळे आहेत. पहिले महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, मोनेने आपला मित्र व पंतप्रधान क्लेमांसो याला पत्र लिहून आपली चित्रे राष्ट्राला देऊ केली. त्या संकल्पाचा विस्तार होत गेला. मोने डिसेंबर १९२६ मध्ये वारला आणि दालने मे १९२७ मध्ये उघडली. दोन मीटर उंचीचे आठ प्रदीर्घ पट वळणदार भिंतींवर बसविले आहेत. त्यांची एकूण लांबी नव्वद मीटरांच्या वर जाते. क्षितिज नाही, काठ नाही. पाणी, पाने आणि पाण्यात पडलेले आकाश. पाहणारा येथेही चहूबाजूंनी वेढला जातो. मग फरक कोठे आहे?

फरक प्रकाशात आहे, आणि काळात आहे. मोनेची योजना अशी होती की दालनांत उजेड वरून, आकाशातून यावा. ढग आला की तळे काळवंडते. ऊन पडले की तेच निळे पुन्हा वर येते. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात एका नव्या संग्रहासाठी या दालनांवर मजला चढविण्यात आला आणि कमळांवरचे आकाश बंद झाले. सुमारे चार दशके लोकांनी ती विजेच्या दिव्यांखाली पाहिली. चित्रे तीच होती, एक इंचही हलविली नव्हती. तरी त्यांचा प्राण कोंडला गेला होता. अखेर पुनर्रचना होऊन २००६ मध्ये दालने पुन्हा उघडली तेव्हा दिवसाचा उजेड परत आला. ज्या कलाकृतीचा प्रकाश असा हिरावता व परत करता येतो, तिच्यात प्रकाश हा पाहुणा असतो. तो येतो आणि जातो, आणि चित्र त्याची वाट पाहत थांबते. शिवाय ओरांजेरीत पाहणारा चालतो आणि चित्र उभे असते. कोठे थांबावे, मागे केव्हा वळावे, कंटाळा आला तर केव्हा उठावे, हे त्याच्या हाती आहे. आतलिएत उलट घडते: प्रेक्षक उभा आणि चित्र पळत सुटलेले. एखाद्या चेहऱ्यावर नजर स्थिरावते न स्थिरावते तोच तो विरून जातो. नाटकात आणि संगीतात काळाची मालकी कलावंताकडे असते, हे खरे. पण क्लिम्टने ती मालकी मागितली नव्हती.

यावरून एक भेद स्पष्ट व्हावा. जो प्रयोग प्रकाशालाच आपले द्रव्य मानून आरंभापासून रचला जातो, त्याचा न्याय वेगळ्या कसोटीवर केला पाहिजे. हुलिओ ले पार्क हा अर्जेंटिनातून पॅरिसला येऊन स्थायिक झालेला कलावंत. त्याने बारीक दोऱ्यांना टांगलेल्या धातूच्या चकत्यांवर दिव्याचा झोत सोडला आणि भिंतीवर कवडसे नाचविले. ते कशाचे चित्र नव्हते. म्हणून कशाचा विपर्यासही नव्हता. आतलिए उघडले त्याच वर्षी, ला व्हिलेतच्या जुन्या गुरांच्या बाजाराच्या भव्य मंडपात ‘टीमलॅब’ या जपानी समूहाचे प्रदर्शन झाले. तेथे प्रकाशाचा धबधबा माणसाच्या पायाशी येऊन दुभंगत होता. त्यात थोडा खेळण्याचा भाग होता, आणि गोडवा काही ठिकाणी जरुरीपेक्षा अधिक. पण प्रेक्षकाच्या असण्याने तेथे काही घडत होते, काही बिघडत होते. त्याला स्वतःचे भान सोडावे लागत नव्हते. अशा रचनेला चित्राची नक्कल म्हणून हिणवणे हा टीकाकाराचाच आळस ठरेल.

आता हे लोण भारतातही आले आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या कफ परेड भागात व्हॅन गॉगच्या चित्रांचा असाच वेढणारा प्रयोग झाला. ज्या देशात व्हॅन गॉगचे मूळ चित्र पाहण्याची संधी रसिकाला जवळजवळ नाहीच, तेथे या प्रतिमांबद्दल कठोर बोलणे सोपे नाही. छापील पुस्तकातली हातभर आकृती तरी कोठे मूळ असते? मात्र पुस्तकातली प्रत आपण प्रत आहोत हे लपवीत नाही, आणि पान उलटण्याचे काम वाचकावर सोपविते.

योगायोग असा, की पुढच्याच महिन्यात पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन उघडले. नागपूर आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून १९५० मध्ये पॅरिसला गेलेल्या या चित्रकाराच्या उत्तरायुष्यातील चित्रांवर एका काळ्या वर्तुळाचे, बिंदूचे, राज्य आहे. हा काळा रंग कोणत्याही प्रक्षेपकाला दाखविता येणार नाही. यंत्र उजेड टाकू शकते. काळे टाकू शकत नाही. त्याच्या लेखी काळे म्हणजे न उजळलेली भिंत. रझांच्या कापडावर तो थरांनी भरलेला रंग आहे. भोवतालचा प्रकाश तो गिळतो आणि पाहणाऱ्याला आपल्यापासून ठरावीक अंतरावर उभे करतो. या बिंदूचा उगम रझा आपल्या बालपणात सांगत. मध्य प्रांतातील खेड्याच्या शाळेत मुलाचे चित्त ठिकाणावर नसे. तेव्हा मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला, आणि मुलाला त्याच्यासमोर बसवून त्याकडे पाहत राहावयास सांगितले.