‘मुंगूस’ कोणाचे?

इंग्रजीतला ‘माँगूस’ हा शब्द आपल्या ‘मुंगूस’वरून गेला, असे मी बरीच वर्षे अभिमानाने सांगत आलो. त्याला आधारही आहे. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर शिवकाळात मुंबई, सुरत, जुन्नर या भागांत वावरला. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा शब्द येतो. आजचे इंग्रजी कोशही व्युत्पत्ती देताना मराठीचे नाव घेतात.

इंग्रजीत गेल्यावर शब्दाने वेगळेच रूप घेतले. शेवटच्या ‘गूस’चे स्पेलिंग हंसवर्गीय पक्ष्याच्या इंग्रजी नावासारखे झाले. त्या पक्ष्याचे अनेकवचन ‘गीस’, म्हणून कोणी ‘माँगीस’ही म्हणतो, कोश मात्र ‘माँगूसेस’ला पसंती देतात. अर्थही पसरला. भारतातल्या प्राण्याचे हे नाव आफ्रिकेतल्या भाऊबंदांसह सगळ्या कुळाला लागले. १८७२ साली उसातल्या उंदरांवर उपाय म्हणून कोलकात्याहून नऊ मुंगसे जमैकात नेली गेली.

माझा अभिमान डळमळला तो घराशेजारी. खापरखेड्यात वीजकेंद्र आणि कोळसाखाणींमुळे अनेक प्रांतांची माणसे राहतात. कुंपणातून मुंगूस पळाले तेव्हा हिंदीभाषक शेजारी ‘नेवला’ म्हणाले, तेलुगूभाषक ‘मुंगिस’. मी चपापलो. कानडीतही ‘मुंगुसी’ आहे. ‘नेवला’ संस्कृत ‘नकुल’पासून आला, आपला शब्द त्या वाटेचा नाही. त्याचे सोयरे दक्षिणेत आहेत.

म्हणजे कोश चुकले नव्हते. मीच त्यांची नोंद अर्धी वाचली होती. मराठीच्या नावानंतर मूळ बहुधा द्राविडी, असेही तिथे लिहिलेले असते. ‘मराठीने इंग्रजीला दिलेले शब्द’ अशा आपल्याकडच्या याद्या नेमक्या त्याआधी थांबतात. इंग्रजीने शब्द कोणाकडून घेतला आणि तो मुळात कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की संशोधनाचा सत्कारसमारंभ होतो.

यात मराठीला कमीपणा नाही. दक्षिणेशी असलेला तिचा जुना घरोबा अशाच रोजच्या शब्दांत टिकून आहे. इंग्रजीने आपल्याकडून काय नेले, हे आपण हौसेने मोजतो. शेजाऱ्यांकडून आपण काय घेतले, तेही तितक्याच मोकळेपणाने नोंदवायला हवे. माझ्या वहीतल्या ‘मराठी शब्द’ या नोंदीपुढे मी आता ‘मार्गे’ एवढे जोडले आहे.