गलतीकरांस पत्रातील अधिकाराचा वाद : पौल आणि पेत्र

नव्या करारातील अधिकाराचा वाद म्हटला की येशू आणि मंदिरातील मुख्य याजक यांच्यातील प्रश्नोत्तरे प्रथम आठवतात. परंतु तो वाद विरोधकांशी होता. प्रस्तुत लेखात ज्या वादाचा विचार करावयाचा आहे तो स्वकीयांमधला असून म्हणूनच अधिक अवघड आहे. इ. स. 50 च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, अंत्युखिया येथे आपण केफाला, म्हणजे पेत्राला, सर्वांसमक्ष दोष दिला, असे पौल सांगतो.

प्रसंग भोजनाचा आहे. पेत्र प्रारंभी परराष्ट्रीयांच्या पंक्तीला बसत असे. याकोबाकडील माणसे येताच तो मागे सरला आणि बर्णबासह इतर यहूदीही त्याच्यामागे गेले. पंक्तिभेद म्हणजे काय, हे मराठी वाचकाला निराळे समजावून सांगावयास नको. मात्र पौलाला येथे केवळ शिष्टाचार अभिप्रेत नाही. सुंता न झालेल्यांना मंडळीत पूर्ण स्थान आहे की नाही आणि हे ठरविणारा कोण, असा तो प्रश्न आहे.

पौलाची अडचण येथेच आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात बारा जणांतील रिकाम्या जागेसाठी जी कसोटी दिली आहे, ती येशूच्या प्रत्यक्ष सहवासाची आहे. तिला पौल उतरत नाही. म्हणून तो आपला अधिकार प्रकटीकरणावर उभा करतो. तो मनुष्यांपासून मिळालेला नाही, असे पत्राच्या आरंभीच बजावतो. पण लगेच हिशेबही देतो : केफाजवळ काढलेले 15 दिवस, 14 वर्षांनंतरची यरुशलेमची भेट, याकोब, केफा व योहान यांनी सहभागितेच्या खुणेदाखल पुढे केलेला उजवा हात. ज्यांच्या मान्यतेची आपणास गरज नाही, असे तो म्हणतो, त्यांचीच मान्यता तो पुरावा म्हणून मांडतो. हा अंतर्विरोध झाकण्याचे कारण नाही. पत्राची धग त्यातूनच येते.

भाष्यकारांना मात्र हा प्रसंग पेलला नाही. जेरोमने तो लटका, बोधासाठी योजलेला वाद ठरविला. तसे मानल्यास धर्मग्रंथातच असत्य शिरते, असा आक्षेप ऑगस्टीनने त्याला पत्राने कळविला. ऑगस्टीनची बाजू बळकट आहे. उलट, 1831 मध्ये एफ. सी. बाउर यांनी आरंभीच्या ख्रिस्ती समाजात पेत्रपक्ष व पौलपक्ष अशी जी सरळ फाळणी केली, ती अतिरेकी वाटते. वर सांगितलेला उजवा हात तिच्यात बसत नाही. पुढे पेत्राच्या नावावरील दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असा येतो. हे पत्र पेत्राचे नव्हे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हा समेट उत्तरकालीन मंडळीने घडविलेला दिसतो.

पेत्राने काय उत्तर दिले, हे पौल लिहीत नाही. त्याची सरशी झाली असती तर त्याने ते नोंदविले असते, हा अनेक अभ्यासकांचा तर्क मला ग्राह्य वाटतो. बर्णबाचे जाणे त्याला अधिक लागले असावे. 'कृत्ये'च्या पंधराव्या अध्यायात हे दोघे सहकारी विभक्त होतात. पण तेथे कारण दिले आहे ते मार्काला बरोबर नेण्यावरून झालेल्या भांडणाचे. पंक्तीचा उल्लेख लूक करीत नाही.