एकवीस, वीस एक आणि ट्वेंटी वन : द्विभाषिक प्राथमिक शिक्षणातील विषय-विभागणीची चिकित्सा

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार झाला आणि जर्मन भाषा महाराष्ट्राच्या शैक्षणिक चर्चेत अनपेक्षितपणे येऊन दाखल झाली. पहिल्या टप्प्यात १०,००० युवकांना जर्मन शिकवून तिकडे पाठविण्याचे योजिले गेले. या योजनेतील जर्मन ही प्रौढ कामगाराची, परिचारिकेची, वाहनचालकाची जर्मन आहे. तिचा प्राथमिक शाळेशी थेट संबंध नाही. तथापि जर्मनीने स्वतःच्या प्राथमिक शाळांत दोन भाषा एकत्र कशा नांदविल्या, हे पाहणे महाराष्ट्राला अधिक उपयुक्त ठरेल. त्या प्रयोगाच्या प्रकाशात महाराष्ट्रातील, विशेषतः नवी मुंबईसारख्या मिश्र वस्तीच्या शहरातील, सेमी-इंग्रजी वर्गाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बर्लिनमध्ये १९९२ साली ‘श्टाटलिश युरोपा-शुले’ या नावाने शासकीय द्विभाषिक शाळांचा उपक्रम सुरू झाला. (नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभारही १ जानेवारी १९९२ रोजीच सुरू झाला, हा केवळ योगायोग.) या शाळा शासकीय व निःशुल्क आहेत. जर्मन ही एक भाषा सर्वत्र समान, तर जोडीची भाषा शाळेगणिक वेगळी. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज, ग्रीक, तुर्की आणि पोलिश अशा नऊ भाषा त्यात येतात. चार्ल्स डिकन्स यांच्या नावाने असलेली शार्लोटेनबुर्ग भागातील प्राथमिक शाळा ही त्यांतील जर्मन-इंग्रजी शाळा होय.

या रचनेची तीन सूत्रे लक्षणीय आहेत. वर्गातील साधारण निम्मी मुले जर्मन मातृभाषेची आणि निम्मी जोडभाषेची असावीत, हे पहिले सूत्र. मूल वाचन-लेखनाचा आरंभ आपल्या अधिक सबळ भाषेतून करते आणि दुसऱ्या भाषेचे लेखन त्यानंतर येते, हे दुसरे. तिसरे सूत्र सर्वांत महत्त्वाचे असूनही आपल्याकडे त्याचा फारसा विचार झालेला नाही : विषयांची वाटणी. गणित जर्मनमधून शिकविले जाते. परिसर-विषय आणि पुढे इतिहास, भूगोल, जीवशास्त्र हे जोडभाषेतून शिकविले जातात. म्हणजे दोन्ही भाषांच्या वाट्याला ‘भाषा विषय’ तर येतोच, पण त्यापलीकडे ज्ञानविषयही येतो. कोणतीही भाषा केवळ कविता, पत्रलेखन आणि व्याकरण यांपुरती उरत नाही. कील विद्यापीठातील येन्स म्योलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शाळांचे केलेले मूल्यमापन २०१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. या मुलांचे जर्मन दीर्घकाळात मागे पडत नाही आणि जोडभाषेत मात्र ती इतरांच्या बरीच पुढे जातात, असा त्याचा एकंदर कल आहे.

आता महाराष्ट्राकडे वळावे. तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कार्यकाळात, २००० सालापासून, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. २०१३ मध्ये पहिलीपासून सेमी-इंग्रजीची मुभा मिळाली. २०२१-२२ मध्ये पहिलीची एकात्मिक व द्विभाषिक पाठ्यपुस्तके आदर्श शाळांत प्रायोगिक तत्त्वावर आली. या सर्व टप्प्यांत एक गृहीतक अबाधित राहिले. इंग्रजीला ज्ञानविषय द्यायचा झाल्यास तो गणित, आणि वरच्या इयत्तांत विज्ञान. बर्लिनने बरोबर उलट केले. तेथे गणित राज्यभाषेतच राहिले आणि जोडभाषेला मुलाच्या अवतीभवतीचे जग मिळाले.

गणिताचीच निवड का झाली असावी? याचे स्पष्टीकरण सहसा असे दिले जाते की, गणितात शब्द थोडे आणि चिन्हे फार, म्हणून परकी भाषा तेथे कमी बोचते. अंकांना भाषा नसते, असा हा समज आहे. तो कितपत खरा आहे, हे जून २०१९ मध्ये महाराष्ट्राने अनुभवले.

त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस या रूढ संख्यानामांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती सुचविण्यात आली. गणित समितीच्या अध्यक्षा दिवंगत मंगला नारळीकर यांची भूमिका सुसंगत होती. मराठीत आपण एकक आधी उच्चारतो आणि दशक आधी लिहितो. त्यातच त्रेसष्ट, सदुसष्ट, चौऱ्याण्णव यांसारखी जोडाक्षरयुक्त रूपे. मूल ऐकते एका क्रमाने आणि लिहिते दुसऱ्या क्रमाने. दाक्षिणात्य भाषांत व इंग्रजीत ही अडचण नाही. कन्नड मूल ‘इप्पत्तोंदु’ म्हणते, म्हणजे वीस-एकच म्हणते. या सूचनेवर वृत्तपत्रांतून, समाजमाध्यमांतून आणि थेट विधिमंडळातून टीकेचा भडिमार झाला. मराठीचे सौंदर्य, परंपरा, अस्मिता हे सारे शब्द वापरून झाले. विनोदही पुष्कळ झाले.

जर्मन भाषेत हीच अडचण जशीच्या तशी आहे. एकवीसला जर्मन मूल ‘आइन-उंड-झ्वान्त्सिश’, म्हणजे ‘एक-आणि-वीस’, म्हणते. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांवरील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऐकलेली संख्या अंकांत लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी सुमारे निम्म्या चुका या उलट्या क्रमामुळे, म्हणजे चोवीसच्या जागी ४२ लिहिण्याच्या प्रकारच्या, आढळल्या. बोखुम येथील गणितज्ञ लोथार गेरिट्झेन यांच्या पुढाकाराने ‘झ्वान्त्सिश-आइन्स’, शब्दशः ‘वीस-एक’, या नावाची संस्थाच तेथे २००४ मध्ये स्थापन झाली. नॉर्वेने तर १९५१ मध्ये संसदेच्या निर्णयाने दशक आधी उच्चारण्याची पद्धत शाळांत आणली, तरी जुनी रूपे लोकांच्या तोंडून आजही गेलेली नाहीत. तात्पर्य, नारळीकर यांचा प्रश्न एका समितीची लहर नव्हती. उलटा क्रम असणाऱ्या प्रत्येक भाषेच्या गणिताध्यापकांपुढे तो उभा राहतो. मराठीत तो अधिक बिकट आहे, कारण एकोणतीस म्हणजे ‘तिसाला एक उणा’ अशी वजाबाकी मुलाला संख्येच्या नावातच करावी लागते. आणि ही सवय लागते न लागते तोच ९९ ला नव्याण्णव म्हणण्याची पाळी येते.

येथे बर्लिनच्या जर्मन-इंग्रजी वर्गाचे महत्त्व ध्यानात येते. त्या वर्गातील इंग्रजी मातृभाषेच्या मुलाला ‘ट्वेंटी वन’ घरी येते आणि शाळेत ‘एक-आणि-वीस’ शिकावे लागते. दोन क्रमांचा हा ताण मुलांवर टाकूनही व्यवस्थेने गणित जर्मनमध्ये ठेवले. ज्या भाषेत राज्याचा व्यवहार चालतो, त्या भाषेत हिशेब आलाच पाहिजे, हा त्यामागील आग्रह दिसतो.

महाराष्ट्रात २०१९ साली ‘एकवीस’साठी उभा राहिलेला वर्ग नेमका कोण होता, हे या संदर्भात विचारणे अप्रस्तुत ठरणार नाही. सेमी-इंग्रजी वर्गांत त्या वेळी कित्येक वर्षे ‘ट्वेंटी वन’ चालू होते. ‘वीस एक’मुळे मराठी बिघडते असे म्हणणाऱ्यांना ‘ट्वेंटी वन’मुळे ती वर्गाबाहेर जाते, याची खंत वाटल्याचे फारसे दिसले नाही. एका शब्दाचा क्रम बदलण्यास विरोध आणि शंभरच्या शंभर शब्द सोडून देण्यास मूक संमती, ही विसंगती त्या वादाच्या दोन्ही बाजूंनी नजरेआड केली. सुधारणावाद्यांनीही ही पद्धत सेमी-इंग्रजीच्या वाढत्या ओढीवर उतारा म्हणून मांडली असती, तर कदाचित चर्चेला वेगळे वळण लागले असते.

गमावलेले शब्द केवळ एक ते शंभर नाहीत. अपूर्णांकांच्या बाबतीत मराठीची संपत्ती अधिक मोठी आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द मूल शाळेत येण्यापूर्वीच बाजारात ऐकते. ‘अडीच’चे मूळ संस्कृत ‘अर्धतृतीय’ : तिसरा अर्धा. जुन्या जर्मनमध्ये अडीचसाठी ‘ड्रिटहाल्ब’ असा नेमका याच घडणीचा शब्द होता. आणि दीडसाठी ‘आंडर्टहाल्ब’, म्हणजे ‘दुसरा अर्धा’, हा शब्द जर्मन आजही वापरतात. इंग्रजीत या दोहोंसाठी सुटसुटीत शब्द नाही. दीडशे, अडीच हजार या प्रयोगांत मूल अपूर्णांकाने गुणण्याची क्रिया नकळत करत असते. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी यांच्या पाठांतराचा कंटाळा पिढ्यान्‌पिढ्यांनी केला असेल; परंतु त्या पाठांतरामागे एक संख्याविचार होता. सेमी-इंग्रजी वर्गात ‘वन अँड अ हाफ’ शिकणारे मूल तुर्भ्याच्या घाऊक बाजारात काम करणाऱ्या आपल्या वडिलांचे ‘दीड क्विंटल’ गणिताच्या तासाला आणू शकत नाही. वहीत 'हाफ', घरात 'दीड', आणि दोहोंना जोडणारा पूल पाठ्यपुस्तकात नाही. २०२१-२२ च्या द्विभाषिक पुस्तकांनी मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा ठेवली, हे पाऊल योग्य दिशेचे होते. मात्र शब्दाशेजारी शब्द ठेवणे हा शब्दकोशाचा मार्ग झाला. दोन भाषांतील संख्यारचनेचा फरक हाच पाठाचा विषय करणे, ‘एकवीस’ आणि ‘ट्वेंटी वन’ यांत कोणता अंक आधी ऐकू येतो हे मुलांनाच शोधायला लावणे, ही खरी द्विभाषिक अध्यापनपद्धती ठरली असती.

नवी मुंबईच्या वर्गात बर्लिनचे पहिले सूत्र लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा चालविते. सीवूड्स आणि कोपरखैरणे येथे तिने सीबीएसई शाळाही सुरू केल्या. घणसोली किंवा कोपरखैरणेच्या मराठी वर्गात गावठाणातील आगरी बोलणारे मूल असते, सातारा-सांगलीकडून आलेल्या माथाडी कुटुंबातील मूल असते, बांधकामावर आलेल्या कानडी वा तेलुगू मजुराचेही मूल असते. इंग्रजी मातृभाषेचे मूल नसते. बर्लिनमध्ये मुले एकमेकांची भाषा मधल्या सुट्टीत शिकतात. येथे इंग्रजीचा एकमेव स्रोत शिक्षक, आणि त्याचे स्वतःचे गणित बहुधा मराठीतून झालेले. परिणामी ‘या दोघांना ॲड कर, मग त्यातून थ्री मायनस कर’ अशी भाषा वर्गात रूढ होते. तिला हिणवण्याचे कारण नाही. शिक्षक अर्थ पोहोचविण्यासाठी जी धडपड करतो, ती या वाक्यरचनेत दिसते. दोष विषय-विभागणीचा आहे. वर्गातील कन्नड मुलाला ‘वीस एक’ हा क्रम घरूनच ठाऊक आहे, ही वर्गाची जमेची बाजू. पण तिचा उपयोग करण्याची सोय कोणत्याही शिक्षक-हस्तपुस्तिकेत आढळत नाही.

म्हणून तुलनेसाठी जर्मन-इंग्रजी शाळेपेक्षा क्रॉइत्सबेर्गमधील अझीझ नेसिन यांच्या नावाची जर्मन-तुर्की शाळा अधिक जवळची वाटते. जर्मन व इंग्रजी या दोन्ही प्रतिष्ठित भाषा. त्यांपैकी कोणत्याच भाषेला शाळेच्या आधाराची निकड नाही. तुर्की ही तेथे श्रमिक स्थलांतरितांची भाषा. तिला परिसर-विषय मिळतो, तेव्हा पाणी, शहर, वनस्पती यांविषयी विचार करण्याची भाषा म्हणून तिची वर्गात स्थापना होते. महाराष्ट्रात मराठी राज्यभाषा असूनही शाळेतील तिची अवस्था या तुर्कीहून फार निराळी नाही. फरक इतकाच की, येथे ज्ञानविषय तिच्याकडे येत नसून तिच्याकडून जात आहेत. तिसरी ते पाचवीत परिसर अभ्यास मराठीतून शिकलेले मूल सहावीत ‘फोटोसिंथेसिस’पाशी पोहोचते, तेव्हा ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द त्याच्या कानावर पडण्याची संधीच संपलेली असते.

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणली. विरोध वाढताच २९ जून २०२५ रोजी त्यासंबंधीचे निर्णय मागे घेण्यात आले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वादात भाषा दोन असाव्यात की तीन, याची मोजदाद पुष्कळ झाली. पहिलीच्या मुलाने बेरीज कोणत्या भाषेत करावी आणि पाऊस कोणत्या भाषेत समजून घ्यावा, हा प्रश्न त्या मोजदादीत कोठेच आला नाही. गणित मराठीत परत आणून इंग्रजीला परिसर अभ्यासातील काही घटक देण्याचा प्रयोग नवी मुंबईच्या चार-दोन शाळांत करता येण्याजोगा आहे. त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. वेळापत्रकात दोन तासांची अदलाबदल आणि ती अदलाबदल करण्याची शिक्षकाला मिळालेली लेखी परवानगी, एवढे पुरे.