शिंपल्यांची उलटतपासणी, गावाचा मात्र थेट निकाल

मार्क ट्वेनचं ‘द इनोसंट्स अब्रॉड’ (१८६९) हे प्रवासवर्णन भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला लावावं, असं मी लॅबमध्ये अधूनमधून म्हणते आणि सगळे हसतात. त्यातल्या एका प्रकरणासाठी तरी मी हे गंभीरपणे म्हणते. आणि दुसऱ्या एका प्रकरणासाठी ते सावधपणे शिकवावं लागेल, हेही तितकंच खरं.

१८६७ च्या जूनमध्ये ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट न्यूयॉर्कहून निघाली. बोटीवर बहुतेक खाऊनपिऊन सुखी, धार्मिक अमेरिकन मंडळी. युरोप बघायचा आणि मग पवित्र भूमी. ट्वेन तेव्हा ३१ वर्षांचा, खर्च एका वर्तमानपत्राचा. पॉम्पेई, अथेन्स, इफेसस, बालबेक असे एकाहून एक भग्नावशेष वाटेत लागतात आणि हा पठ्ठ्या जिथे इतर प्रवासी गहिवरतात तिथे नेमका खोड्या काढतो. मजा येते, वाद नाही.

आता प्रकरण ३९. स्मिर्ना, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर. डोंगरात रस्त्यासाठी खोदलेल्या कापात त्याला ऑयस्टरच्या शिंपल्यांचे तीन थर दिसतात, मधे मधे माती. समुद्र तर खाली राहिला, मग हे इथे आले कसे? तो एकेक शक्यता घेतो. इथे कधीकाळी हॉटेल असेल? मग शँपेनची बुचं का नाहीत? समुद्राचा तळ भूकंपानं वर आला असेल? ठीक, पण मग शिंपल्यांत फुटक्या मातीच्या भांड्यांचे तुकडे कसे? आणि एकावर एक तीन थर, मधे स्वच्छ माती, हे कसं? नोहाची नौकासुद्धा तपासून होते. शेवटी एकच पर्याय उरतो: ऑयस्टर आपण होऊन डोंगर चढले. त्यांना वर जाऊन काय मिळवायचं होतं, एवढंच कळत नाही!

हसून झालं की लक्षात येतं, गाळाच्या थरांवर काम करणारे आम्ही लोक याहून वेगळं काय करतो? खापरं हा त्यातला सगळ्यात चांगला पुरावा आहे, आणि ट्वेननं तो बरोब्बर पकडलाय. नैसर्गिक थरात लहानमोठे सगळे शिंपले सापडतात, काहींची दोन्ही झाकणं अजून जोडलेली असतात. माणसांनी खाऊन टाकलेल्या ढिगात बहुतेक खाण्याजोग्या आकाराचे, उघडलेले, सोबत कोळसा, हाडं, खापरं. म्हणजे चेष्टेत उडवलेली हॉटेलची कल्पनाच बहुधा खरी ठरण्याच्या सगळ्यात जवळ होती. बुचं सोडा, खापरं होती की!

पुढे प्रकरण ४५, बनियास. इथेही अवशेष आहेत, आणि सहप्रवासी त्यांचे टवके तोडून खिशात भरतात. ट्वेन त्यांच्यावर भडकतो. दगडांची बाजू घेतो, छानच. पण त्याच मुक्कामात गावकरी तळाभोवती येऊन बसतात. मुलांच्या डोळ्यांवर माश्या, डोळे सुजलेले, आया त्या हाकलतसुद्धा नाहीत. लोक काही न बोलता यांच्याकडे बघत राहतात. त्यावर ट्वेन त्यांची तुलना अमेरिकेतल्या मूलनिवासींशी करतो आणि लिहितो की अशा नजरेनं गोऱ्या माणसाला सगळी जमातच नष्ट करावीशी वाटते. विनोदाच्या सुरात.

‘त्या काळाचं लिखाण आहे, सोडून द्या’ हे मला पटत नाही. कारण काळ तोच, लेखक तोच, सहा प्रकरणांपूर्वी शिंपल्यांना त्यानं तीन-चार पर्याय दिले होते. माश्या न हाकलणाऱ्या आईला एकही पर्यायी कारण नाही. दिवसभर त्याच माश्या असतील तर किती वेळा हाकलणार? निरीक्षण एका मुक्कामाचं, निष्कर्ष अख्ख्या जमातीवर. रिव्ह्यूअरनं पेपर परत पाठवला असता.

याहून वाईट म्हणजे पुरावा त्याच पानांवर आहे. सोबतचा डॉक्टर एका मुलाच्या डोळ्यात औषध घालतो, आई जाऊन सांगते आणि थोड्याच वेळात आजारी मुलं कडेवर घेऊन सगळं गाव लोटतं. म्हणजे काळजी होती, नव्हतं ते औषध. ट्वेन हे सगळं बघतो, नीट लिहितो, हलतोही. पण आधीचं वाक्य मात्र खोडत नाही.

मला हे एवढं लागतं, कारण नमुने गोळा करायला आम्हीही गावांतच जातो. फिल्ड रिपोर्टमध्ये थराच्या जाडीचं वर्णन दोन पानं आणि गावाबद्दल दोन ओळी: रस्ता बरा, मजूर मिळतात, लोक गर्दी करतात. ‘गर्दी करतात’ हा शब्दप्रयोग मला हल्ली वाचवत नाही.

२९ वर्षांनी, १८९६ मध्ये, ट्वेन मुंबईत आला. हॉटेलात एका जर्मन माणसानं नोकराच्या थोबाडीत मारली. ‘फॉलोइंग द इक्वेटर’मध्ये तो लिहितो की ते बघून त्याला मिझुरीतलं लहानपण आठवलं, गुलामांना असंच समजावलं जायचं ते, आणि स्वतःच्या वडिलांचा हातही. इथे तपासणी मारणाऱ्याची आणि स्वतःच्या घराची होते, नोकराच्या गप्प राहण्याची नाही.

‘इनोसंट्स’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. वेळ कमी असेल तर ३९ आणि ४५ ही दोनच प्रकरणं वाचा, पण लागोपाठ.